फक्कीची रेघ

काश्या, भांडण अर्धवट टाकून उठून जाणारा माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही. बाजारात कुणी तसं केलं तर मी त्याला रस्त्याच्या टोकापर्यंत हाका मारून परत आणतो. तुला कुठून आणू?

आपल्या सायकल क्लबच्या अध्यक्षांनी, म्हणजे पोस्टमास्तरांनी, मला तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितलेत. यंदाच्या शर्यतीच्या दिवशी वाटायच्या पुस्तिकेत ते छापायचे आहेत. "जन्म, शिक्षण, स्वभाव, असं क्रमानं लिहा," म्हणाले, "आणि कृपा करून रागावून लिहू नका." मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. तर म्हणतात, "दुसऱ्या कुणाशी इतकी वर्षं भांडलाय का तो?"

पण तू माझ्याशी तरी कुठे भांडलास? भांडायचो तो मी. तू दुकानाच्या पायरीवर बसून चेन पुसायचास. माझी सगळी तक्रार तिथूनच सुरू होते.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा माझं दुकान म्हणजे पालघरच्या बाजाररस्त्यावरची पत्र्याची टपरी होती. त्याआधी तीही नव्हती. चिंचेखाली एक पंप आणि पाण्याचं घमेलं मांडून मी पंक्चरं काढायचो. मला कुणी हात धरून वर आणलं नाही. जे मिळवलं ते बोलून मिळवलं, घासाघीस करून, समोरचा दमेपर्यंत. त्या दुपारी तू केळव्याहून आलास. सायकलच्या मागे मासळीची पाटी, पाटीवर ओलं गोणपाट, आणि त्यातून ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्यानं मागचं चाक असं गंजलेलं की फ्रीव्हील हातानं फिरेना. मी म्हटलं, "हे चाक आहे की नांगर?" तू हसलास. मी भाव सांगितला. चांगला चढवून सांगितला, कारण खाली उतरायला जागा हवी. आणि तू मान डोलावलीस!

मला इतका राग आला. "अरे, काही कमी कर म्हणशील की नाही?"

"तुमी सांगितलाव ना शेट. मग तोच."

"मी काहीही सांगेन. तू नाही म्हणायचंस!"

"कशाला नाय म्हनू? काम तर झालाच पायजे."

शेवटी तुझ्या वतीनं मीच माझ्याशी घासाघीस केली आणि भाव खाली आणला. असला धंदा मी आयुष्यात पुन्हा केला नाही. तू गेल्यावर शेजारचा शिंपी पोट धरून हसत होता.

मग कळलं की तू रोज सकाळी केळव्याच्या बंदरावरून मासळी उचलतोस आणि सायकलवरून थेट बोईसरला नेतोस. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाचं काम तेव्हा नुकतं सुरू झालं होतं, देशभरातले कामगार बोईसरात उतरले होते, आणि त्यांना ताजी मासळी हवी असायची. ऊन चढायच्या आत पाटी पोचली नाही तर माल फुकट. म्हणून तू तसा सायकल हाणायचास. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाला हरवायचं नव्हतं. उन्हाशी काय ती तुझी शर्यत. एकदा उमरोळीच्या अलीकडे मी एका ट्रकमध्ये बसलो होतो, आणि तू पाटीसकट त्या ट्रकच्या पुढे निघून गेलास. ड्रायव्हर म्हणाला, "ये आदमी है या भूत?" मी म्हटलं, हा माझा माणूस आहे. तोवर तू माझा कुणी नव्हतास. पण तोंडून निघालं, आणि एकदा दिलेला शब्द मी मागे घेत नाही.

त्यातूनच क्लब निघाला. नाव मोठं असलं तरी क्लब म्हणजे पोस्टमास्तर, दोन शिक्षक, तो शिंपी, स्टेशनवरचे काही जण, तू आणि मी. दर रविवारी मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर काढून ठेवायची आणि काळ्या घोडासायकली उघड्या करून माहीमच्या रस्त्यानं समुद्रापर्यंत जायचं. परतताना तू सगळ्यात पुढे असायला हवा होतास. पण तू मागे राहायचास, कारण मागे मी असायचो. सायकल विकणारा माणूस सायकल चालवण्यात इतका कच्चा असू नये, हे मलाही कळत होतं. समोरून वारा आला की माझी छाती भरून यायची. मग पाठीवर तुझा हात यायचा. एका हातानं हँडल, दुसरा हात माझ्या पाठीवर, आणि मी आपोआप पुढे.

"हात काढ," मी ओरडायचो. "लोक बघतायत."

तू हात काढायचा नाहीस. पालघरची घरं दिसेपर्यंत नाही. काही बोलायचाही नाहीस, नुसता ढकलत राहायचास.

आता त्या पहिल्या शर्यतीकडे येतो. पोस्टमास्तर म्हणतात तेवढं वगळा. वगळून मग उरतं काय?

मुंबईच्या एका सायकल क्लबाला शनिवार-रविवारच्या शर्यतीसाठी मोकळा रस्ता हवा होता. त्यांचे सेक्रेटरी माझ्या दुकानात आले. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. स्टुलावर बसायच्या आधी रुमाल अंथरला, तेव्हाच मी ठरवलं की याच्याकडून काहीतरी काढायचं. त्यांना प्रकल्पासाठी नीट केलेला तारापूरचा रस्ता तेवढा हवा होता. त्यांच्या सायकली गिअरच्या, वाकड्या हँडलच्या, एका बोटावर उचलता येतील अशा. आपल्या सायकली उचलायला दोन माणसं लागतात. मी म्हटलं, "तुमच्या गिअरला माझी ना नाही. पण मग माझ्या वाळूला तुमची ना नको."

"वाळू? कसली वाळू?"

"शेवट केळव्याला. कोळीवाड्याच्या कडेनं, बंदरावरून, नारळाच्या वाडीपर्यंत."

"अरे बाबा, हमारा टायर उधर डूब जायेगा!"

"तुमचं टायर बुडेल, आमचं चढावर दमेल. फिटंफाट."

दोन चहा होईपर्यंत ते नाही नाही म्हणत होते. तिसऱ्या चहाला हो म्हणाले. मग मी विचारलं, आमचा माणूस पहिला आला तर? ते हसले. म्हणाले, तर त्याला आमच्या टीममध्ये घेऊ, राज्याच्या शर्यतीला नेऊ. मी म्हटलं, राज्याची शर्यत खाऊन पोट भरत नाही. ते म्हणाले, आमच्या प्रेसिडेंटचा परळला कारखाना आहे, तिथे नोकरी देऊ. नोकरी दिलीत, राहायचं कुठे? "अरे बाबा, खोली पण देऊ!" त्यांचा घाम रुमालात मावेना. मी त्यांना तसा स्टेशनवर सोडून आलो आणि परतताना, खोटं कशाला बोलू, रस्त्यात एकटाच हसत होतो. माझ्यासाठी आजवर कुणी असं बोलणी करायला गेलं नव्हतं. मी तुझ्यासाठी गेलो होतो.

त्याच आठवड्यात पोस्ट ऑफिसच्या मागच्या खोलीत सभा झाली. दाराजवळच्या बाकावर तू नेहमीसारखा बसला होतास. मी उभा राहून सगळं सांगितलं, वाळू, टीम, कारखाना, खोली. टाळ्या पडल्या. पोस्टमास्तरांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, "कुणाची हरकत?" प्रत्येक ठरावानंतर ते विचारतात आणि तेवढ्यात शिंपी जांभई देतो. कुणी काही बोललं नाही. तूही नाही. तू मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशीवर काहीतरी रेघोट्या काढत होतास. मला वाटलं, पोरगं भारावलंय.

शनिवारी पालघरहून सुटलात. नियम माझाच होता. शनिवारी जो जितका आधी तारापूरला पोचेल, त्याला रविवारी तेवढंच आधी सोडायचं. म्हणजे रविवारी केळव्याची रेघ जो पहिला ओलांडेल तो जिंकला, कुणाला पाटी-पेन्सिल घेऊन बसायला नको. कोळगावपर्यंत मुंबईवाले तुझ्या पुढे होते. बोईसरच्या नाक्यावर तू त्यांना गाठलंस. तिथे तुझी गिऱ्हाइकं उभी होती, सगळा कामगारांचा जथा.

"अरे, ये तो अपना मच्छीवाला है!"

"ओ मच्छीवाले, आज टोकरी किधर है?"

"घर पे!" तू ओरडलास आणि एकच हशा पिकला. मग त्यांनी असा काही गलका केला की मुंबईचा पुढचा गडी दचकून मातीत उतरला. तारापूरला तू सगळ्यांच्या आधी पोचलास. संध्याकाळी तिथल्या शाळेच्या ओट्यावर सगळे पाय दाबत बसले होते आणि तू मुंबईच्या पोरांच्या चेनी रॉकेलनं धुऊन देत होतास. मी म्हटलं, "अरे, उद्या हे तुला हरवायला बघणार आहेत."

"खारा वारा लागलाय शेट. रातभर ऱ्हायली तर चेन गंज धरेल."

तुझ्याशी काय बोलायचं!

रविवारी मी आणि सेक्रेटरी एका ओळखीच्या ट्रकनं पुढे केळव्याला गेलो. नारळाच्या वाडीपाशी मी माझ्या हातानं फक्कीची रेघ ओढली. सरळ, जाड, पांढरीशुभ्र. पोस्टमास्तर, शिंपी, गावातली निम्मी माणसं, सगळे तिथे. रेघेवरून बंदर स्वच्छ दिसतं. भरती उतरायला लागली होती आणि कोळीवाड्यातली माणसं एक होडी पाण्यातून वर ओढत होती. तुझा पिवळा शर्ट वाळूच्या पट्ट्यावर दिसला तेव्हा मागे कुणी नव्हतं. कुणीच नाही! वाळूत तू उभा राहून पेडल मारत होतास आणि सायकल लहान मुलासारखी तुझं ऐकत होती. सेक्रेटरी म्हणाले, "मानलं पाहिजे." मी त्यांचा हात हातात घेतला आणि दाबला. म्हटलं, "खोली कारखान्याच्या जवळ बघा."

आणि तू उतरलास.

सायकल वाळूत आडवी टाकलीस. मला वाटलं पंक्चर. मला वाटलं पायात गोळा आला. तू चालत होडीपाशी गेलास आणि खांदा लावलास. त्या घामट, उघड्या पाठींमध्ये तुझा पिवळा शर्ट मला रेघेवरून दिसत होता. होडी ओंडक्यांवरून एक एक हात वर सरकत होती. मी ओरडलो. पोस्टमास्तर ओरडले. माझा घसा फाटला. तू मान वर केली नाहीस. तेवढ्यात मुंबईचा पोरगा वाळूत शिरला, चाक रुतल्यावर खाली उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि तुझ्या मागून चालत, हो, चालत, रेघेपर्यंत आला. सेक्रेटरी शिट्टी वाजवायची विसरले होते. मग वाजवली. मग हसायला लागले. त्यांचं हसणं काही वाईट नव्हतं, पण ते मला अजून ऐकू येतं.

होडी जागेवर बसल्यावर तू आलास. पाय ओले, शर्टाच्या खांद्यावर होडीच्या डांबराचा काळा पट्टा.

"काय केलंस हे?"

"हाक आली ती शेट. होडी वर घेताना हाक आली का हात लावायलाच लागतो. बंदराची रीत हाय."

"शर्यतीतल्या माणसाला?"

"हाक काय मानूस बघून येते?"

या एका वाक्यावर तू मला पुढची सगळी वर्षं अडवलंस. मला तुझी रीत माहीत होती. केळव्याच्या बंदरावर होडी ओढताना हाक पडली की जाणारा-येणारा हात लावतो, मग तो कुणी का असेना. हाक ऐकून पुढे जाणाऱ्याला कुणी चहा विचारत नाही. मान्य. पण दोन मिनिटं उशिरा हात लावला असता तर समुद्र आटला असता का? दर वेळी तू दुकानात आलास की मी हे काढायचो. आरे बदलताना काढायचो, ट्यूब बुडवून बुडबुडे बघताना काढायचो. पावसात कुणी नसलं की तास तास काढायचो. मी म्हणायचो, माझ्या शब्दाची तू मुंबईवाल्यांसमोर माती केलीस. तू म्हणायचास, "हाक आली ती." मी म्हणायचो, तुझा जन्म मासळीच्या पाटीखाली जाईल. तू म्हणायचास, "जाईना." आणि जाताना दुकानाच्या कडीला केळीच्या पानात गुंडाळलेले बोंबील अडकवून जायचास, मी नको म्हणेन म्हणून न बोलता. ते मी खाल्ले. दर वेळी खाल्ले. त्या रागात चव काही कमी लागली नाही, एवढं आता तुला सांगून टाकतो.

मग ताप आला आणि तू गेलास. मला कळलं तेव्हा तुझी राख झाली होती.

दहाव्याला मी केळव्याला आलो. किनाऱ्यावर विधी आटोपले होते. ती होडी तिथेच होती आणि तिचा म्हातारा तांडेल तिच्या सावलीत बसला होता. मी त्याच्याशेजारी टेकलो आणि डोक्यात होतं तेच बोललो. म्हटलं, "तुमच्या त्या एका हाकेनं याचं नशीब बुडालं, बाबा. त्या दिवशी हाक मारली नसतीत तर?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी भलतं बोललो होतो.

"हाक? कुनी मारली हाक?"

"तुम्ही. शर्यतीच्या दिवशी."

"आमी? आरं, आमी त्याला जा जा म्हनून बोंबलत व्हतो! आमचा पोर पैला येतोय, आमी हाक मारू? ह्यो आला नि खांदा लावला. मी म्हनलो, काशिनाथा, येडा झाला काय? जा! तर म्हनतो, ओढा तुमी, बोलू नका."

माझ्या कानात नुसती समुद्राची गाज. इतकी वर्षं ज्या हाकेवर मी डोकं आपटत होतो, ती हाक पडलीच नव्हती.

मी तसाच तुझ्या घरी गेलो. दहाव्याच्या दिवशी बाईमाणसाशी चढ्या आवाजात बोलू नये, हे मला कळतं. पण आवाज चढला. "वहिनी," मी म्हटलं, "तो का थांबला होता?"

गोमतीवहिनी जाळ्याच्या ढिगाशी बसली होती. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. ते आधीच संपलं असावं.

"त्याला नव्हतं जायचं मंबईला, शेट."

"मग बोलायचं ना!"

"कुनाला? तुमाला?"

"मला म्हणजे? मी काय खातो माणसांना?"

"तुमी सगळा ठरवून आलेले. नोकरी ठरवली, खोली पन ठरवली. तो म्हनला, शेटनं माझ्यासाठी येवढा घसा फोडला, आता नाय कसा म्हनू त्यांना? हरलो का मग नाय म्हनायलाच नको."

"हरायचंच होतं तर हळू चालवायची. मागे राहायचं. होडी कशाला?"

यावर ती चक्क हसली. तुझ्या दहाव्याला तुझी बायको हसली, काश्या, आणि मला ते बघून रडू आलं.

"त्याला हलू चालवायला कवा येत होती? शनवारी पन तोच विचार करून निघालेला. सायकलवर बसला का पाय ऐकत नाय त्याचे. म्हनून उतरला."

आता मी काय करू सांग. भांडायला तू नाहीस आणि भांडण तर आत्ता कुठे सुरू झालंय!

तुला नव्हतं जायचं. बंदर हवं होतं, सकाळची पहिली पाटी हवी होती, बोईसरच्या नाक्यावरची ती आरडाओरड हवी होती. ठीक आहे. पण तू मला एक "नाही" द्यायला हवा होतास. एवढंच. माझ्या धंद्यात "नाही" हा पहिला शब्द असतो, तिथून बोलणं सुरू होतं. मला दिवसभरात नाही म्हणणारे इतके भेटतात की कुणी पटकन हो म्हटलं तर मला माल खराब वाटतो. तू नाही म्हटलं असतंस तर मी तासभर ओरडलो असतो. पंप फेकला असता, शिंपी दुकान सोडून बघायला आला असता. आणि दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरीकडे गेलो असतो. म्हटलं असतं, आमचा माणूस तुमच्या टीममधून खेळेल, पण राहील केळव्यात. नोकरी नको, खोली नको, शर्यतीपुरता नेऊन आणा. चौथ्या चहाला ते हो म्हणाले असते. मी म्हणवलं असतं त्यांच्याकडून. तू जिंकला असतास आणि घरीही राहिला असतास. हे सौदे मला येतात रे. हे एवढंच मला येतं. आणि ज्याच्यासाठी ते वापरायचे तो माणूस मला घाबरून होडीखाली शिरला.

घाबरून नसेल. वहिनी म्हणते, तुझा जीव होता माझ्यावर. मग तर जास्तच राग येतो. जीव असलेल्या माणसाला असं फसवतात? मला वाटत होतं तू माझं सगळं ऐकतोस. काल त्याच माहीमच्या रस्त्यावर, समोरून वारा असताना, एकटा सायकल ढकलत येत होतो तेव्हा आठवलं. "हात काढ" हे तू माझं कधी ऐकलं नाहीस. एकदाही नाही. म्हणजे नाही म्हणता येत होतं तुला. तोंडानं येत नव्हतं.

तर आता यंदाच्या शर्यतीचं.

परवा पोस्ट ऑफिसच्या मागच्या खोलीत सभा झाली. शर्यतीला तुझं नाव द्यायचं ठरलं. ढालीवर तुझा फोटो लावायचा म्हणाले. मी म्हटलं, फोटो लावा, ढाल लावा, भाषणं करा, माझं एकच मागणं आहे. केळव्याची रेघ अलीकडे घ्यायची. होडी ओढायच्या जागेच्या अलीकडे.

"का?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"वाळू बदलते तिथली."

"वाळू सगळीकडेच बदलते."

"मग वाडीवाल्यांना त्रास होतो. लोक नारळाच्या झाडांवर चढून बघतात."

शिंपी म्हणाला, "गेल्या वेळी वाडीवाल्यांनी सरबत दिलं होतं." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढची जांभई गिळली. बराच वेळ मी बोलत होतो. खरं कारण सांगितलं नाही. कुणाला कळलं असतं? जिंकायचं ते त्या रेघेपर्यंत जिंकून घ्यावं. पुढे बंदर आहे. हाक येवो न येवो, ज्याला सायकल टाकून खांदा लावायचा त्याला लावू दे, आणि मागून कुणी घसा फोडून ओरडू नये. तुझं यानं काही होणार नाही, हे मला कळतं. तरी रेघ मी तिथेच ओढणार आहे, माझ्या हातानं.

शेवटी ते दमले. दमतातच. "बरं, घ्या अलीकडे," पोस्टमास्तर म्हणाले आणि सवयीनं पुढचं वाक्य बोलून गेले, "कुणाची हरकत?"

शिंप्यानं उपरणं खांद्यावर टाकलं, एक शिक्षक उठायला लागले. मी म्हटलं, "बसा. जरा थांबा."

"आता कोण राहिलंय?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

मी दाराजवळच्या तुझ्या बाकाकडे बघत होतो. मग एकेक करून तेही तिकडे बघायला लागले, आणि कुणी घाई केली नाही.

बाकावरून काही आलं नाही. पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि ठराव मंजूर झाला म्हणून हळूच सांगितलं.